निवळीतली गुहा

मूल गुहेत शिरले की पहिला प्रश्न विचारते, ‘हे कुणी खोदलं?’ मराठी मुलाला तो पडणे अगदी साहजिक आहे, कारण त्याने पाहिलेल्या बहुतेक गुहा कुणीतरी खोदलेल्याच असतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, घारापुरी, सगळीकडे छिन्नीचे घाव दिसतात. पुढे कधीतरी सुट्टीच्या प्रवासात तेच मूल आंध्रातल्या बोर्रा किंवा बेलम गुहांत, नाहीतर बस्तरमधल्या कुटुमसरला जाते, वरून लोंबणारे दगड आणि खालून उगवलेले खांब पाहते आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते. त्यावर मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते. पाण्याने दगड झिजला आणि गुहा झाली. मग छतातून थेंब गळले, ते सुकले, त्यांतला चुना मागे राहिला आणि खांब झाले. वर ‘याला लाखो वर्षं लागतात हं’ ही पुस्ती. मूल मान डोलावते, कारण लाखो वर्षे म्हटल्यावर मान डोलावण्यापलीकडे कुणालाच काही करता येत नाही. माझे म्हणणे असे की या उत्तरातली दोन्ही क्रियापदे चुकली आहेत. चुनखडकातली गुहा मुख्यतः झिजून होत नाही, आणि तिच्यातले खांब मुख्यतः सुकून होत नाहीत. दोन्ही कामांमागे एकच तिसरी गोष्ट आहे. ती आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो, आणि मुलाला ती दाखवायला एक काचेचा पेला पुरतो.

‘झिजला’ हा शब्द जिभेवर इतका सहज का येतो, हे उघड आहे. जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा, देवळाच्या पायरीवर पावलांनी पडलेला खळगा, ओढ्यातले गुळगुळीत गोटे, हे सगळे झिजणेच आहे आणि ते डोळ्यांना दिसते. म्हणून गुहेलाही आपण तोच न्याय लावतो. पण हा न्याय खरा असता तर जगातल्या मोठमोठ्या गुहा सह्याद्रीत सापडायला हव्या होत्या. आंबोली-महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, कातळाला तडेही भरपूर आहेत, आणि तरी त्या काळ्या कातळाच्या पोटात मैलोगणती दालने नाहीत. जिथे दालन हवे होते तिथे भिक्षूंना हातोडा-छिन्नी चालवावी लागली. पाणी काळ्या कातळावर काम करत नाही असे मुळीच नाही. पण कातळ कुजला की मागे माती उरते. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी जमीन म्हणजे तोच कुजलेला कातळ. ही माती तड्यांत बसते आणि पाण्याची वाट बुजवून टाकते. चुनखडकाचे तसे नाही. शुद्ध चुनखडक विरघळला की चिमूटभर तांबूस माती सोडली तर मागे काही राहत नाही; दगडाचा दगड पाण्यात मिसळून नदीवाटे समुद्राला जाऊन मिळतो. गुहा व्हायची तर दगड नुसता फुटून किंवा कुजून भागत नाही, तो तिथून निघून जावा लागतो.

यावर कुणी म्हणेल की गुहांमधून नद्या वाहतात, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. बेलमच्या तळाशी पाताळगंगा आहे. मेघालयात गुहेला खासी भाषेत क्रेम म्हणतात. तिथल्या तीस किलोमीटरहून लांब असलेल्या क्रेम लियात प्राहसारख्या गुहांतून पावसाळ्यात लोंढे धावतात आणि ते वाळू-गोट्यांनी तळ खरवडून काढतात. छताचे तुकडे कोसळून दालने मोठी होतात, हेही खरे. पण हे सगळे नंतरचे आहे. नदीला आत शिरायला आधी वाट हवी, आणि ती वाट सुरुवातीला केसाहून बारीक फट असते. त्या फटीतून पाणी इतक्या मंद गतीने झिरपते की वाळूचा एक कणसुद्धा ते ढकलू शकत नाही, आणि ढकलले तरी तो कण फटीत मावणार नाही. अशा ठिकाणी खरवडणे अशक्यच. तिथे दगडाला घालवायचा एकच उपाय पाण्यापाशी आहे, तो म्हणजे त्याला विरघळवणे. नदी ही गुहेतली भाडेकरू आहे. घर तिच्या येण्याआधी बांधून झालेले असते.

आता दगड पाण्यात विरघळतो म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे साखर येते, आणि दगड काही साखरेसारखा विरघळत नाही हे त्याला ठाऊक असते. इथे गोष्ट चुन्यापासून सुरू करावी. चुनखडक भट्टीत भाजला की पानाच्या डबीतल्या चुन्याचा पूर्वज, कळीचा चुना, मिळतो. कोकणात तर तो शिंपले भाजूनही करत. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर चुना निघतो फक्त छप्पन किलो. उरलेले चव्वेचाळीस किलो कुठे गेले? धुराड्यातून हवेत, कार्बन डायऑक्साइड होऊन. एवढ्या जड, घट्ट, डोके आपटले तर टेंगूळ आणणाऱ्या दगडात जवळजवळ निम्मे वजन एका वायूचे असते, ही गोष्ट मला स्वतःला कुठल्याही लवणस्तंभाहून जास्त चकित करणारी वाटते. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो तापतो, फुलतो, मऊ होतो. तो चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर राहते ती स्वच्छ चुन्याची निवळी. या निवळीत नळीने फुंकर घालायचा प्रयोग आपल्याकडे शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. (फुंकायचे, ओढायचे नाही, चुना तोंड भाजतो.) थोड्याच वेळात निवळी दुधासारखी पांढरी होते, बाई म्हणतात, ‘म्हणजे उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’, घंटा होते, आणि प्रयोग तिथेच संपतो. खरी गंमत पुढे होती. ती पांढरी भुकटी म्हणजे भट्टीत गेलेला वायू चुन्याने परत घेतला आणि पेल्यात पुन्हा चुनखडक जन्मला. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंती वर्षानुवर्षे घट्ट होत जातात त्याही अशाच, हवेतून आपला हरवलेला वायू परत घेत. पण फुंकणे तिथेच न थांबवता पुढे चालू ठेवले तर? गाल दुखेपर्यंत फुंकावे लागते, म्हणून त्याऐवजी सोड्याच्या बाटलीतले पाणी भरपूर ओतावे. पांढरेपणा हळूहळू विरतो आणि पाणी पुन्हा आरपार स्वच्छ दिसू लागते. दगड गेला. पेल्यात गुहा झाली.

वायू थोडा मिळाला की चुन्याचा दगड होतो आणि जास्त मिळाला की दगडाचे पाणी होते, हा विचित्र हिशेब एकदा पेल्यात दिसला की डोंगरात दिसायला वेळ लागत नाही. ज्यात वायू मिसळलेला नाही असे निव्वळ पाणी एका लिटरमध्ये जेमतेम चौदा-पंधरा मिलिग्रॅम चुनखडक विरघळवते. साध्या हवेतला वायू घेतलेले पाणी पन्नासच्या आसपास जाते. आणि मातीतून मुरून आलेले पाणी दोनशे, तीनशे मिलिग्रॅमसुद्धा सहज पचवते. मातीत असे काय असते? तिथे मुळे श्वास घेतात, गांडुळे घेतात, पालापाचोळा कुजवणारे असंख्य जीवाणू घेतात, आणि त्यांचा उच्छ्वास ढेकळांच्या पोकळीत कोंडून राहतो. वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड आहे शेकडा 0.04 च्या आसपास. मातीतल्या हवेत तो दहापट असतो, शंभरपटही असतो. पावसाचा थेंब या कोंदट हवेतून उतरतो, वायू पिऊन किंचित आंबट होतो आणि मग खालच्या दगडाला भिडतो. लिंबू पिळले की चुनखडकावर फेस येतो. थेंबाची आंबटाई लिंबाच्या मानाने काहीच नाही, पण थेंबाला घाई नसते. म्हणजे गुहेवरचे रान हे गुहेचे नुसते छप्पर नसून तिचा कारागीर आहे. गुहा दाखवायला नेलेल्या मुलाला आत शिरण्याआधी वरची झाडे दाखवावीत असे मला म्हणूनच वाटते.

इथे एक बारीक पण चांगली शंका निघते. पाण्याची ताकद इतकी बेताची, तर ती पहिल्या दोन-चार हातांतच संपून जायला हवी. वरचा दगड खाऊन पोट भरले की खोल फटीत पोहोचेल ते पाणी तृप्त असणार. मग डोंगराच्या पोटात गुहा कशी होईल? याचे उत्तर भूकच कशी भागते त्यात आहे. पाणी सुरुवातीला दगड भराभर खाते, पण पोट भरत आले की त्याचा वेग एकदम मंदावतो. अगदी शेवटची थोडी भूक भागायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पाणी फटीतून खूप दूर गेलेले असते. ही उरलेली किंचितशी भूकच सगळी लांबी पोखरते. शिवाय एक चमत्कारिक गोष्ट आल्फ्रेड ब्योग्ली या स्विस संशोधकाने 1964 मध्ये मांडली. वायूचे प्रमाण वेगवेगळे असलेली, आपापल्या परीने पूर्ण तृप्त झालेली दोन पाणी खोलवर एकत्र आली की त्या मिश्रणाला पुन्हा भूक लागते. दोघांचीही पोटे भरलेली, आणि एका पंगतीला बसवताच दोघे पुन्हा जेवायला तयार. दोन फटी जिथे मिळतात तिथे पोकळी रुंद का सापडते, याचे एक कारण हे.

आतापर्यंत गुहा झाली ती बहुधा पाण्याने काठोकाठ भरलेली. तिच्यात हवा नाही, त्यामुळे एकही खांब नाही. पुढे कधीतरी जवळच्या नदीने आपले पात्र खोल केले की भूजलाची पातळी खाली जाते, दालने रिकामी होतात आणि त्यांत हवा शिरते. सजावटीला तेव्हा सुरुवात होते. पोकळी करणे आणि ती सजवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, याचा सर्वांत सरळ पुरावा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ गुहा देते. जगातली ही सर्वांत लांब गुहा, मोजलेल्या वाटाच 680 किलोमीटरहून अधिक. आणि एवढ्या वाटांपैकी बहुतेक उघड्याबोडक्या, कोरड्या. कारण चुनखडकाच्या वर वालुकाश्माचे झाकण आहे आणि त्यातून पाणी मुरत नाही. डोंगराच्या कडेला जिथे हे झाकण झिजून गेले आहे, तिथेच छतातून थेंब उतरतात आणि तिथेच दगडी धबधबे, पडदे, खांब सापडतात.

तर थेंब छताला येऊन लटकतो. तो मातीतल्या कोंदट हवेतून वायू पिऊन आलेला, त्या जोरावर दगड विरघळवून आणलेला, आणि आता तो अशा हवेत येतो जिथे वायू त्या मानाने कमी आहे. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होते तेच त्याचे होते: वायू निसटतो. वायू गेला की दगड धरून ठेवायची ताकदही जाते, आणि थेंब आपल्याजवळचा दगड खाली ठेवतो. ‘सुकून चुना राहतो’ हे इतके रुळलेले आहे की त्यावर जरा थांबायला हवे. खोल गुहेतली हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की तिथे ओला रुमाल दिवसभर ठेवला तरी वाळत नाही. मग थेंब कसा वाळणार? थंड देशांतल्या अनेक गुहांत असेही मोजून झाले आहे की हिवाळ्यात बाहेरची जड, गार हवा आत उतरून गुहेतला साचलेला वायू हाकलून देते आणि त्या दिवसांत थर जास्त बसतो. थेंब तेच, फक्त हवा बदललेली. पण इतक्या दूर जायचीही गरज नाही. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरातला गिझर उघडून पाहा. त्याची टाकी कधीच रिकामी होत नाही, आत पाणी सुकायला वावच नाही, तरी कॉइलवर पांढरा दगड चढतो, कारण तापवल्यावर पाण्यातला वायू निघून जातो. पेल्यातले ते सोडा घालून स्वच्छ झालेले पाणी पातेल्यात तापवले तर थेंबभरही आटण्याआधी पुन्हा गढूळ, पांढरे होते. गुहेच्या तोंडाशी, जिथे वारा खेळतो, तिथे सुकण्याचाही वाटा असतो हे मान्य. तिथले थर बहुधा खरबरीत, लाह्यांसारखे असतात. आतल्या देखण्या कामावर मात्र त्या वाऱ्याचा हात चालत नाही.

हे काम होते कसे ते पाहायला थेंबाकडेच बघायचे. लटकलेल्या थेंबाच्या कडेला, जिथे तो छताला चिकटलेला असतो, दगडाचे एक नाजूक कडे बसते. थेंब पडतो, दुसरा येतो, पहिल्या कड्याखाली दुसरे कडे बसते. कड्याला कडे जोडत एक पोकळ नळी खाली उतरते, थेंबाएवढ्या रुंदीची, साधारण पाच मिलिमीटर व्यासाची, सरबत प्यायच्या नळीसारखी, आणि तिच्या पोकळीतून पुढचे थेंब येत राहतात. एखाद्या दिवशी वाळूचा कण अडकून नळी तुंबली की पाणी बाहेरच्या अंगाने ओघळू लागते, वरचा भाग जाड होतो आणि नळीचे गाजर होते. तिरक्या छतावरून ओघळ उतरला तर पातळ दगडी पडदा तयार होतो. पाण्यात लोखंडाचा अंश कमीजास्त होत गेला तर त्या पडद्याला लुगड्याच्या काठासारखे तांबडे पट्टे पडतात. थेंबाने छताशी सगळा दगड सोडलेला नसतो. पडताना तो खाली आपटतो, फुटतो, पसरतो, उरलेला वायू झटकतो आणि तिथेही एक थर ठेवतो. म्हणून खालच्या खांबाला भोक नसते, त्याचे डोके गोल असते, आणि कापला तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. अमरनाथच्या गुहेत बर्फाचे लिंग होते त्याचाही आकार असाच, आणि त्यात चुन्याचा काही संबंध नाही. घडणीचे साचे थेंबाच्या पडण्यात आहेत, दगड किंवा बर्फ त्यात नुसता ओतला जातो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी या दोघांना अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ अशी नावे दिली आहेत. नावे भारदस्त आहेत, पण ‘लवण’ म्हटल्यावर मूल ते मिठाचे समजून चाटायला बघेल. त्यापेक्षा आपल्याच भाषेत एक सुंदर शब्द पडून आहे. लेणे म्हणजे खोदलेली गुहा आणि लेणे म्हणजे अंगावरचा दागिना. अजिंठ्याला पहिला अर्थ लागतो, बोर्र्याला दुसरा.

मुले निरीक्षणात मोठ्यांना ऐकत नाहीत, आणि शहरातले मूल इथे एक अडचणीचा प्रश्न विचारणार. उड्डाणपुलाखाली, जुन्या इमारतीच्या गळक्या गच्चीखाली अगदी अशाच पांढऱ्या नळ्या लोंबत असतात. त्या तर चार-दोन वर्षांत होतात! मग लाखो वर्षे कसली? प्रश्न अचूक आहे, आणि ‘ते वेगळं असतं’ म्हणून तो उडवून लावणे बरे नाही, कारण उत्तर पुन्हा त्याच पेल्यात आहे. सिमेंटमध्ये जो मोकळा चुना असतो तो भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यात उतरतो. ते पाणी म्हणजे निवळीच. ती पुलाखाली हवेला भेटते आणि वायू घेते, आणि घेताक्षणी दगड होते. प्रयोगातली पहिली फुंकर ती हीच. गुहेतला थेंब नेमका उलट, वायू देऊन दगड होतो. नळी सारखीच, काम उलटे. निवळीत चुना खूप असतो आणि ती झपाट्याने वायू ओढून घेते, म्हणून पुलाखालची नळी गुहेतल्या नळीच्या शेकडो पटींनी वेगाने वाढते. दुसरा आक्षेप जाणकारांचा: सगळ्याच चुनखडकी गुहा अशा होत नाहीत. हेही खरे आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबॅड आणि लेचुगिया गुहा वरून आलेल्या पाण्याने झालेल्या नाहीत. खालच्या तेलसाठ्यांकडून वर आलेल्या, सडक्या अंड्यांचा वास असलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल झाले आणि त्याने त्या पोखरल्या. आत जिप्समचे ढिगारे उरले आहेत ते त्या कामाचे. म्हणजे पोकळी करायला दुसराही आंबट पदार्थ चालतो. पण त्याच गुहांतले चुन्याचे पडदे आणि खांब मात्र थेंबातून वायू सुटूनच झाले. माझा मुद्दा त्याने थोडा आकसतो, मोडत नाही.

राहिली लाखो वर्षे. गुहेत वाटाडे सांगतात तो हिशेब ऐकण्यासारखा असतो: खांब वर्षाला अमुक वाढतो, उंची तमुक, भागाकार करा. ढोबळ सरासरी म्हणून वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे शंभर वर्षांत एक सेंटिमीटर, हे ठीक आहे. पण खांब असा शहाण्या मुलासारखा वाढत नाही. दुष्काळ पडला की थांबतो, वरचे रान तोडले की मंदावतो, पाऊस वाढला की पुन्हा चालू होतो, कधी हजारो वर्षे मुका राहतो. भागाकाराऐवजी दुसरी युक्ती आहे. पाण्यात युरेनियमचा अंश विरघळून येतो, थोरियमचा येत नाही; मग प्रत्येक नवा पापुद्रा युरेनियम घेऊन आणि थोरियमशिवाय जन्मतो, आणि जसजसे वय वाढते तसतसे युरेनियमचे थोरियम होत राहते. ते मोजले की पापुद्र्याचे वय कळते. आणि एकदा वय कळले की खांबाचे मुके राहणेच बोलू लागते. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या एका खांबात 4200 वर्षांपूर्वीच्या पापुद्र्यांवर मान्सून क्षीण झाल्याची खूण सापडली. ती इतकी स्पष्ट होती की 2018 मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेव्हापासून आजपर्यंतच्या काळाला मेघालयन हे नाव दिले. आपण सगळे या घडीला मेघालयन काळात जगतो आहोत, ते एका थेंबाच्या हिशेबवहीमुळे. नुसत्या ‘लाखो वर्षं’ने मुलाला ही मजा कळणार नाही.

अजून एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. एवढे रसायन सांगितले तर गुहेतले नवल जाईल, असे अनेक पालकांना वाटते. बोर्र्यात एक खांब शिवलिंगासारखा आहे. गावकऱ्यांची कथा अशी की वरच्या भोकातून एक गाय गुहेत पडली, तिला शोधायला गेलेल्या गुराख्याला ते लिंग दिसले, आणि महादेवानेच गाय वाचवली असे त्याने ओळखले. तिथून वाहणाऱ्या नदीचे नाव गोस्तनी, गाईच्या आचळाची नदी. ही कथा ऐकल्यावर रसायन सांगणारा गप्प बसावा का? मला तसे वाटत नाही. कथेने जे पाहिले ते बारकाईने पाहिले आहे: छतातून टपकणारे पाणी, त्याचे आचळासारखे रूप, थेंबागणिक पडणारा पांढरा अंश. ज्याने या नदीचे नाव गोस्तनी ठेवले त्याने थेंबाकडे नक्कीच बराच वेळ पाहिले असेल. रसायन त्याच निरीक्षणाला पुढची ओळ जोडते. ज्या मुलाला आचळातून दूध येण्यामागची गाय कळते त्याला आचळ काही कमी सुंदर वाटत नाही. खरी हानी ‘झिजलं आणि सुकलं’ या आळशी उत्तराने होते, कारण त्यात ना कथा असते ना कारण.

आणि कारण ठाऊक असण्याला गुहेत व्यावहारिक अर्थही आहे. फ्रान्समधली लास्को गुहा 1940 मध्ये सापडली, चार पोरांना. भिंतींवर सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वी रंगवलेले बैल, घोडे, हरणे, आणि रंग असे की काल लावलेत. ते टिकले याचे एक कारण मॅमथसारखेच: गुहेवर पाणी न मुरू देणारा थर होता, म्हणून छत गळले नाही आणि चित्रांवर चुना चढला नाही. 1948 मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि रोज हजारभर माणसे येऊ लागली. कुणी भिंतींना हात लावला नाही तरी प्रत्येकजण श्वास सोडत होता. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो शेकडा चारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपट, सुपीक मातीतल्या हवेइतका, शिवाय वाफ. ती वाफ गार भिंतींवर दवासारखी बसली, वायू पिऊन आंबट झाली आणि दगडाला लागली. हिरवे शेवाळे आले, मग पांढरट चुन्याची बुरशीसारखी पुटे चढू लागली. 1963 मध्ये गुहा बंद करावी लागली; पाहायला येणाऱ्यांसाठी शेजारी हुबेहूब नक्कल बांधली. सतरा हजार वर्षे थेंबावाचून राहिलेल्या भिंतींना पंधरा वर्षांत माणसांनी पावसाचे पाणी पाजले, तेही तोंडातून.

पेल्यातले पाणी मात्र फेकून देऊ नये. पातेल्यात तापवून गढूळ झाले असेल ते वेगळे. सोड्याने स्वच्छ झालेले थोडे पाणी पसरट बशीत ओतून, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा कोनाड्यात दोन-चार दिवस ठेवावे. वायू निसटत राहतो. मग एक दिवस सकाळी उजेडात बशी तिरकी धरली की पाण्यावर पांढरी, पातळ साय धरलेली दिसते, बोट लावले तर कुरकुर मोडणारी. गुहांमधल्या निश्चल डोहांवरही तशीच साय तरंगते, आणि जड झाली की आपसूक तळाशी जाते.